गवत, डांबर, चिखल : शेपूटचाकी विमानाचे उतरणे

शेपटीखाली तिसरे चाक असलेले विमान जमिनीवर उभे राहते ते नाक वर करून. दोन मोठी चाके पंखांखाली, थोडी पुढच्या अंगाला. तिसरे वीतभर व्यासाचे, पार मागे. विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातली बहुतेक विमाने अशीच होती आणि हलक्या विमानांत ही रचना अजून टिकून आहे. अमेरिकेची पायपर कब, ब्रिटनची टायगर मॉथ, आपल्याकडे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार झालेली एचटी-२ आणि पुष्पक ही सगळी याच कुळातली. ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एचटी-२ चे शिल्पकार डॉ. विष्णु माधव घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे. गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. १९५८ साली आलेले ९० अश्वशक्तीचे पुष्पक तर पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांचे शिकाऊ विमान झाले.

हवेत ही विमाने इतरांसारखीच वागतात. फरक पडतो तो चाके टेकल्यापासून विमान पूर्ण थांबेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात. या अर्ध्या मिनिटात काय होणार हे वैमानिकाच्या हातापायांइतकेच खालच्या जमिनीवर अवलंबून असते. टायरला जमिनीवर मिळणारी पकड विमानाला थांबवते आणि तीच पकड त्याला गरकन फिरवूनही टाकते.

वजन मागे, पकड पुढे

नाकाखाली चाक असलेले विमान थोडे तिरके टेकले तर मोठ्या चाकांवरचे आडवे घर्षण गुरुत्वमध्याच्या मागून ओढते आणि विमान आपोआप सरळ होते. शेपूटचाकी विमानात नेमके उलटे घडते. घर्षण पुढे लागते, वजन मागे असते, आणि मागचे वजन आधीच्याच दिशेने जात राहू पाहते. नाक जरा उजवीकडे वळले की शेपूट डावीकडून पुढे येऊ लागते. जितके विमान वळते तितका टायर आणि प्रवासाची दिशा यांतला कोन वाढतो, आणि कोन वाढला की आडवे घर्षण आणखी वाढते. तळहातावर उभी काठी तोलताना ती कलू लागताच हात हलवावा लागतो, कलल्यावर हलवून उपयोग नसतो. इथे पायाखालच्या रडरच्या पेडलांचे काम तसेच आहे. चूक लहान असतानाच छोटा, झटपट दाब द्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. उशीर झाला तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पाय दुमडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. वैमानिक बहुधा चालत बाहेर येतो. विमान मात्र दुरुस्तीला जाते.

टायरची आडवी पकड कोनाप्रमाणे वाढत जाते. समजा विमान ४५ नॉट वेगाने येत आहे आणि १० नॉटचा वारा नेमका बाजूने वाहतो आहे. धावपट्टीच्या रेषेत राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे सुमारे १३ अंश वळवून ठेवावे लागते. तसेच ते जमिनीला टेकवले तर टायर १३ अंश तिरके होऊन धावू लागतात, आणि कोरड्या डांबरावर एवढ्या कोनात टायर आपली जवळपास सगळी आडवी पकड वापरतो. म्हणून टेकण्यापूर्वी नाक सरळ करून, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून, आधी त्याच बाजूचे एक चाक टेकवायचे ही रीत आहे. ती जमली नाही तर दोष वाऱ्याला दिला जातो, पण विमान फिरवणारे बळ वाऱ्याचे नसते; ते जमिनीचे असते.

टायरजवळची एकूण पकड ठरावीक असते. तिच्यातली काही ब्रेक लावण्यात खर्च झाली तर तेवढी आडव्या दिशेला उरत नाही. चाक पूर्ण अडकले आणि टायर घसरत निघाला की बाजूची पकड जवळजवळ संपते. याचा एक व्यवहारी परिणाम असा, की वाकडे जाणारे विमान दोन्ही ब्रेक जोरात दाबून सरळ होत नाही. एका बाजूचा ब्रेक हलकेच, क्षणभर दाबून होते. पायपर कबमध्ये ब्रेक टाचेने दाबायचे असतात आणि त्यांची ताकद बेताचीच आहे. नवशिक्याच्या दृष्टीने ही सोयच म्हणायला हवी.

डांबर आणि काँक्रीट

कोरड्या, खडबडीत काँक्रीटवर रबराचा घर्षणांक सुमारे ०.७ किंवा थोडा अधिक असतो. म्हणजे चाकांवर जेवढे वजन, त्याच्या सात-दशांशाइतके थांबवणारे बळ टायर देऊ शकतो. ते कागदावरच चांगले दिसते, कारण शेपूटचाकी विमानाला तेवढे बळ सोसत नाही.

विमानरचनेच्या पुस्तकांत या प्रकारच्या विमानासाठी एक प्रमाण दिलेले असते. विमान आडव्या स्थितीत असताना चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून गुरुत्वमध्याकडे रेषा काढली तर ती उभ्या रेषेपासून मागे सुमारे १६ ते २५ अंश झुकलेली असावी. कोन कमी असेल तर ब्रेक लावताच विमान नाकावर जाते. जास्त असेल तर शेपूट जड होते आणि गिरकीची ओढ वाढते. या कोनांचा हिशेब केला तर शेपूट वर असताना गुरुत्वाकर्षणाच्या ०.२९ ते ०.४७ पटींपेक्षा अधिक जोराने वेग कमी झाला की विमान पुढे कलंडू लागते. कोरडे काँक्रीट याहून बरेच अधिक देऊ करते. शेपूट जमिनीवर असेल तर गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो आणि मर्यादा वाढते. म्हणून ब्रेक लावायचा तर आधी शेपूट खाली, स्टिक पोटाशी ओढलेली, असा दंडक आहे. पंखा जमिनीत घुसून वाकणे, इंजिनाला झटका बसून ते पूर्ण उघडावे लागणे ही त्या घाईच्या ब्रेकची नेहमीची किंमत.

सेसना कंपनीला हा हिशेब १९४६ साली आलेल्या १४० या दोन आसनी विमानात प्रत्यक्ष चुकवावा लागला. त्याला स्टीव्ह विटमन यांच्या कल्पनेचे स्प्रिंग-पोलादी पाय होते. जोराच्या ब्रेकखाली ही विमाने नाकावर जाऊ लागली, तेव्हा चाके पुढे सरकवणारे जोड बसवले गेले आणि पुढच्या विमानांत पायच पुढे झुकवले गेले. चाके पुढे गेली की नाकावर जाण्याचा धोका घटतो, आणि गुरुत्वमध्य चाकांपासून आणखी मागे पडल्याने गिरकीचा वाढतो. दोन्ही एकदम कमी करणारी जागा नाही. रचनाकार दोन वाईटांमध्ये कुठेतरी थांबतो.

डांबर बारीकसारीक दोषही उघडे पाडते. दोन्ही चाके समोर किंचित एकमेकांकडे वळलेली असतील तर विमान उजवीकडे फिरू लागताच वजन डाव्या चाकावर येते, ते चाक आधीच उजवीकडे रोखलेले असते आणि गिरकीला हातभार लावते. चाके अगदी सरळ किंवा किंचित बाहेर वळलेली असली तर तेच वजन विमानाला परत आणते. गवतावर हा अर्ध्या अंशाचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. एका टायरमध्ये हवा कमी, एका बाजूचा ब्रेक चिकटणारा, मागच्या चाकाच्या स्प्रिंगा सैल, हे सगळे आजार डांबरावर बोलू लागतात. मागचे छोटे चाक थडथडणे हा त्यातला सगळ्यांत त्रासदायक. चाकाच्या खुंटीचा कोन बिघडला किंवा स्प्रिंगा ढिल्या झाल्या की टणक जमिनीवर ते सेकंदाला अनेक वेळा डावीउजवीकडे झटके देते आणि त्या काळापुरते दिशा देण्याच्या कामातून बाद होते.

टेकण्याच्या क्षणी चाक फिरत नसते. जमीन त्याला एकदम वेग देते आणि त्या ओढीने नाक खाली जाऊ पाहते. शिवाय काँक्रीटवर जोरात टेकलेले विमान स्प्रिंगच्या पायांमुळे उसळते. मागचे वजन खाली गेल्याने पंखांचा कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत जाते, वेग मात्र आधीपेक्षा कमी. अशा दुसऱ्या टेकण्यात दिशा सांभाळणे पहिल्यापेक्षा कठीण. इंजिन पूर्ण देऊन पुन्हा फेरी मारणे हा शहाणपणा बहुतेक शिक्षक पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि शिकाऊ वैमानिकांना तो बहुतेक वेळा उशिरा आठवतो.

ओल्या पट्टीवर चित्र पालटते. पकड ०.४ च्या आसपास येते, म्हणजे तिरके टेकणे थोडे माफ होते आणि थांबायला अधिक जागा लागते. रंगवलेले आकडे व पट्टे ओले झाले की डांबरापेक्षाही निसरडे. एक चाक रंगावर आणि दुसरे डांबरावर असताना ब्रेक लावला तर विमान एका अंगाला ओढले जाते. पाणी साचले असेल तर टायर त्याच्यावर तरंगू शकतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी यावर जे काम केले त्यातून एक सोपे सूत्र निघाले : टायरमधल्या दाबाचे, म्हणजे दर चौरस इंचाला जितके पौंड त्याचे, वर्गमूळ काढायचे आणि ९ ने गुणायचे, की तरंगण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. २४ पौंड दाबाच्या टायरसाठी तो ४४ नॉट येतो. जेट विमानांच्या उंच दाबाच्या टायरपेक्षा हा आकडा फार कमी आहे. मात्र हलके शेपूटचाकी विमान उतरतेच ४० नॉटच्या आसपास, त्यामुळे ते या मर्यादेच्या काठावर असते आणि लवकरच तिच्याखाली येते. जास्त वेगाने आलेल्याला ही सवलत मिळत नाही.

गवत

सुरुवातीच्या विमानतळांना धावपट्टी नव्हतीच. मोठे, साधारण चौकोनी किंवा गोल गवताळ मैदान असे. वाऱ्याची दिशा सांगणारी कापडी नळी बघून वैमानिक नेहमी वाऱ्याच्या समोरून उतरे. आडव्या वाऱ्याचा प्रश्न त्यामुळे फारसा येत नसे. टायगर मॉथ या काळाचे विमान. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. मूळ ब्रिटिश टायगर मॉथला ब्रेक नव्हते आणि शेपटीखाली चाकही नव्हते. तिथे धातूची घसरदांडी असे. ही दांडी गवतात किंचित रुतून मागून ओढ देई. ती ओढ गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने विमान सरळ राही आणि थांबेही. काँक्रीटवर तीच दांडी नुसती खरडत जाते, पकड देत नाही, झिजते. महायुद्धाच्या आगेमागे पक्क्या धावपट्ट्या सगळीकडे झाल्या तसे शेपूटचाकी विमानावर दोन संकटे एकदम आली : वाऱ्याशी हवा तो कोन निवडण्याची सोय गेली, आणि टायरखाली गवताची जागा पकडणाऱ्या पृष्ठभागाने घेतली. या विमानांची 'अवघड' म्हणून झालेली ख्याती बऱ्याच अंशी पक्क्या धावपट्टीने दिलेली आहे.

गवत क्षमाशील असते याचे कारण आता उघड आहे. थोडे तिरके टेकलेले विमान गवतावर आडवे घसरते. घसरण्यात तिरकेपणाची ऊर्जा खर्च होते आणि नाक व प्रवासाची दिशा जुळून येतात. ही क्षमा बिनशर्त मात्र नाही. आडवे घसरणारे चाक नांगरलेल्या कडेला, जुन्या टायरच्या वाळलेल्या चाकोरीला किंवा गवतात लपलेल्या खड्ड्याला अडले तर पकड शून्यावरून एकदम पूर्ण होते, आणि मग पाय मोडतो. पट्टीच्या कडेलाही असेच. एक चाक कापलेल्या गवतावर, दुसरे कडेच्या उंच गवतात किंवा मऊ मातीत गेले की त्या बाजूला ओढ बसते आणि विमान तिकडेच वळते.

थांबण्याच्या बाबतीत गवताचा स्वभाव दुटप्पी आहे. उंच, कोरडे गवत चाकांना अडवते, पण उड्डाणाच्या वेळी तेच अडवते. ब्रेक लावायचा तर गवताच्या पात्यांवरून टायर घसरतो. ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने लहान विमानांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात उतरण्याचे अंतर कोरड्या गवतावर १५ टक्क्यांनी आणि ओल्या गवतावर ३५ टक्क्यांनी वाढवून धरायला सांगितले आहे. गवत अगदी आखूड आणि ओले असेल तर ६० टक्क्यांपर्यंत. आखूड गवत अधिक निसरडे हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, पण हिवाळी सकाळी दवाने भिजलेल्या, नीट कापलेल्या मैदानावर ब्रेक लावलेल्या कुणालाही ते पटेल. पट्टीला दोन टक्के उतार असेल तर त्याच मार्गदर्शनानुसार अंतरात आणखी १० टक्के धरायचे, आणि हे गुणक एकमेकांशी गुणायचे.

आकड्यांनी हे असे दिसते. ४० नॉट म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. या वेगाने टेकलेले विमान गुरुत्वाकर्षणाच्या तीन-दशांश जोराने थांबवता आले तर ७० मीटरच्या आसपास थांबते. ओल्या गवतावर तो जोर एक-दशांशावर आला तर दोनशे मीटरहून अधिक लागतात. त्यात पाच नॉटचा वारा पाठीमागून असेल तर समोरच्या तेवढ्याच वाऱ्याच्या तुलनेत जमिनीवरची ऊर्जा दीडपटीहून जास्त, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ओल्या गवतावर पाठवाऱ्याने उतरणे हा हलक्या विमानांच्या अपघात-अहवालांतला जुना, कंटाळवाणा विषय आहे.

मऊ जमीन : जुहू, येरवडा, व्हाल्डीझ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला जुहूला उतरले ते पस मॉथ या शेपूट टेकवणाऱ्या हलक्या विमानातून. १९२८ पासून वापरात असलेले जुहूचे मैदान म्हणजे तेव्हा समुद्रकाठची चिखलपट्टी होती. हिवाळ्यात, उन्हाळ्यात ती वाळून टणक होई. पावसाळ्यात पाण्याखाली जाई. टाटांची टपालसेवा मग विमाने, वैमानिक आणि मेकॅनिकांसह पुण्याला मुक्काम हलवी. तिथे येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर विमाने उतरत. भारतातल्या हवाई टपालाची पहिली वर्षे अशी जमिनीच्या ओलाव्यावर चालत होती, हे या सेवेच्या गौरवगाथांत सहसा एका ओळीत उरकले जाते.

मऊ जमिनीत पकडीचा प्रश्न मागे पडतो. रुतण्याचा पुढे येतो. चाक मातीत बुडले की ते सतत समोरचा मातीचा ढीग ढकलत राहते. ही ओढ ब्रेकसारखीच चाकाच्या खालच्या टोकाला लागते आणि नाक खाली आणते, फरक एवढाच की पाय उचलून ती सोडता येत नाही. म्हणून शक्य तितक्या कमी वेगाने, तीनही चाके एकदम टेकवून, स्टिक पूर्ण मागे धरून आणि थोडे इंजिन चालू ठेवून उतरतात. पंख्याचा झोत शेपटीवर पडत राहतो आणि ती दाबून धरतो. नंतर थांबायचे नाही. थांबले की रुतले. चाकांवर निमुळती आवरणे असतील तर चिखल त्यांत भरतो आणि वाळून चाक जाम करतो. त्यामुळे अशा जागी वावरणारे लोक आवरणे काढूनच ठेवतात.

मऊ जमिनीवर टायरचा दाब निर्णायक असतो, कारण टायर जमिनीवर साधारण आपल्या आतल्या दाबाइतकाच दाब टाकतो. एका चाकावर २५० किलो भार असेल आणि टायरमध्ये २४ पौंड दाब, तर टेकण्याचे क्षेत्र सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. दाब ७ पौंडांवर आणला तर ते ५०० च्या घरात जाते. अलास्कात नदीपात्रातल्या खडीवर आणि ओलसर टुंड्रावर उतरणाऱ्या सुपर कब विमानांना ३१ ते ३५ इंच व्यासाचे फुग्यासारखे टायर लावतात ते यासाठी. दगडगोटे आणि खाचा ते गिळतात. नाक अधिक वर राहिल्याने पंख्याला जमिनीपासून जास्त अंतर मिळते आणि तीन चाकांवर उतरताना पंखांचा कोन वाढून वेग आणखी कमी होतो.

मोठ्या टायरची किंमतही असते. ब्रेक तोच आणि चाकाची त्रिज्या दीडपट, तर जमिनीवर मिळणारे थांबवणारे बळ दोन-तृतीयांश. डांबरावर हे मऊ रबर पटापट झिजते, बाजूने मुरडते आणि विमान डुलत चालल्यासारखे वाटते. आणि हॉर्नच्या सूत्राने ७ पौंडांचा टायर २४ नॉटनाच पाण्यावर तरंगतो. अलास्कातले काही वैमानिक याचाच उपयोग करून घेतात : नदीच्या पाण्यावरून चाके घासत वेग मारायचा आणि आखूड खडीच्या बेटावर चढायचे. वेग जरा कमी पडला तर चाके बुडतात आणि विमान पाण्यात पालथे होते. या कसरतीची चित्रफीत पाहणारे खूप, करू शकणारे थोडे.

जुहूच्या उलट उपाय अलास्काच्या व्हाल्डीझ गावात बॉब रीव्ह यांनी १९३० च्या दशकात काढला. डोंगरावरच्या हिमनद्यांजवळच्या खाणींना माल पोचवायचा तर उतरताना बर्फावर घसरपट्ट्या लागत, पण उन्हाळ्यात गावात बर्फ नसे. त्यांनी घसरपट्ट्यांना स्टेनलेस स्टीलचा पत्रा ठोकला आणि ओहोटीच्या ओल्या चिखलावरूनच उड्डाणे केली. जो चिखल चाकाला गिळतो तो रुंद, गुळगुळीत पत्र्याला वंगण ठरतो.

वाळूचा न्याय थोडा वेगळा. ओहोटीनंतरची ओली, सपाट वाळू डांबरासारखी टणक असते. चार पावले वर कोरडी वाळू चाक अडवते. खडीवर ब्रेक फारसा लागत नाही, कारण खालचे दगडच चाकाबरोबर सरकतात, आणि उभे राहून इंजिन वाढवले तर पंखा तेच दगड उचलून स्वतःवर मारून घेतो. बर्फाच्या काचेवर पकड ०.१ किंवा त्याहून कमी. तिथे ब्रेक आणि चाकाने दिशा देणे दोन्ही विसरून फक्त रडर आणि पंख्याच्या झोतावर भिस्त ठेवावी लागते.

तीन चाकांवर की दोन चाकांवर

शेपूटचाकी विमान उतरवण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्यावरचा वाद विमानांइतकाच जुना आहे. पहिल्या रीतीत विमान जमिनीलगत आणून वेग इतका मारायचा की उचल संपताना तिन्ही चाके एकदम टेकतात. वेग सगळ्यांत कमी असतो आणि मागचे चाक पहिल्या क्षणापासून दिशा देऊ लागते. दुसऱ्या रीतीत शेपूट वर ठेवून, थोड्या अधिक वेगाने फक्त पुढची दोन चाके टेकवायची आणि लगेच स्टिक पुढे देऊन ती जमिनीवर दाबून धरायची. समोरचे स्वच्छ दिसते, रडरला भरपूर हवा मिळते, वाऱ्याच्या झुळकांत विमान पुन्हा उचलले जात नाही. खडबडीत जागी मागचे नाजूक चाक शेवटपर्यंत वाचते, म्हणून खडीवर उतरणारे बरेचजण हीच रीत धरतात.

पकडीच्या नजरेने पाहिले तर दोन्हीतली तडजोड स्पष्ट होते. टेकल्या क्षणी विमानाचे वजन अजून पंखांवरच असते. उचल वेगाच्या वर्गाने घटते. ४० नॉटवर वजन पेलणारे पंख त्याच कोनात २८ नॉटलाही निम्मे वजन पेलत असतात. चाकांवर भार नसेल तर पकडही नसते, आणि तेव्हा दाबलेला ब्रेक चाक अडकवून टायर खरडतो, एवढेच. शेपूट वर असताना पंखांचा कोन कमी असतो, त्यामुळे वजन चाकांवर लवकर येते, पण वेग जास्त असतो. फ्लॅप असतील तर टेकल्यावर ते मिटवूनही वजन चाकांवर आणता येते; मात्र त्यासाठी डोळे आत नेणे आणि हात भलत्या दांडीवर पडणे हा धोका पत्करावा लागतो.

खरी नाजूक वेळ नंतर येते. रडरचे बळही वेगाच्या वर्गाने घटते. वेग निम्मा झाला की ते चौथाईवर येते. शेपूट खाली येत असते आणि मागच्या चाकावर अजून पुरेसा भार पडलेला नसतो. हवेने दिशा देणे संपत आले आहे आणि जमिनीने दिशा देणे सुरू व्हायचे आहे, असा तो काही सेकंदांचा पट्टा असतो. बऱ्याचशा गिरक्या याच पट्ट्यात सुरू होतात, वैमानिकाने सुस्कारा सोडल्यानंतर. स्टिक पूर्ण मागे ओढून मागचे चाक दाबून ठेवणे हा त्यावरचा उपाय. ते चाक स्प्रिंगांनी रडरला जोडलेले असते आणि एका मर्यादेपलीकडे वळले की खिट्टीतून सुटून मोकळे फिरते. गिरकी तिथवर गेली तर ते काहीच मदत करत नाही. काही विमानांत ते सरळ रेषेत कुलूपबंद करण्याची सोय असते. डकोटा या जुन्या वाहतूक विमानात ती आहे.

अनोळखी जागी उतरण्याआधी अलास्कात आणि इतरत्रही एक पद्धत पाळतात. आधी वरून जाऊन उतार, वारा, कडेची झाडे पाहायची. मग चाके जमिनीला हलकेच घासत, वजन न टाकता, इंजिन देऊन परत वर जायचे आणि आपल्याच चाकोऱ्या वरून बघायच्या. चाकोरीत पाणी भरले किंवा ती खोल, काळी दिसली तर जागा सोडून द्यायची.

हा सगळा त्रास टाळण्याचा सोपा मार्ग विमानउद्योगाने कधीच स्वीकारला. सेसनाने १७० या शेपूटचाकी विमानाचे तिसरे चाक नाकाखाली आणले आणि १९५६ साली ते १७२ म्हणून विकायला काढले. पुढे ते जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान झाले. शेपूटचाकी विमान चालवणे तेव्हापासून वेगळे कौशल्य होत गेले. अमेरिकेच्या नियमांनुसार १५ एप्रिल १९९१ पूर्वी ज्यांनी अशा विमानात मुख्य वैमानिक म्हणून तास नोंदवले नव्हते त्यांना शिक्षकाकडून स्वतंत्र नोंद घ्यावी लागते. साध्या व आडव्या वाऱ्यातले उड्डाण आणि उतरणे, दोन चाकांवरचे उतरणे आणि उतरणे सोडून पुन्हा फेरी मारणे एवढे त्यासाठी शिकावे लागते. विमानाच्या निर्मात्याने नको म्हटले असेल तर दोन चाकांवरचे उतरणे वगळता येते. नियमात पृष्ठभागाचा उल्लेख नाही. सगळे शिक्षण गवतावर झालेला वैमानिक दुसऱ्या दिवशी आडव्या वाऱ्यात काँक्रीटवर उतरायला कायद्याने मोकळा असतो. गवताने त्याचे कोणते दोष झाकले होते हे त्याला तिथेच कळते, म्हणून नोंदवहीवर सही करण्यापूर्वी शिक्षकाने त्याला दोन्हीवर उतरवून पाहावे.